गणपतीचा देखावा दर पंधरा मिनिटांनी आपोआप लावायचाय? रास्पबेरी पाय, एमपीव्ही आणि क्रॉन

बहुतेक मंडळांच्या मांडवात पडद्यामागे एक पोरगा लॅपटॉपला चिकटवून ठेवलेला असतो. दर पंधरा मिनिटांनी देखाव्याचा व्हिडिओ पहिल्यापासून लाव, आरती सुरू झाली की थांबव, दहा वाजले की आवाज बंद कर, आणि मध्येच तो चहाला गेला की बाहेर गर्दी नुसती काळ्या स्क्रीनकडे बघत उभी. या कामाला माणूस लागत नाही. रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर बोर्ड हे दहा दिवस न कुरकुरता करतो, त्यावर एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेअर आणि ठरल्या वेळी कामं सोडणारा क्रॉन हा प्रोग्राम असला की झालं, फक्त त्याला नीट सांगायला लागतं. आणि नीट सांगायचं म्हणजे नुसतं 'सातला चालू हो' एवढंच नाही, सातला आधीचं काही चालू असेल तर काय, लाइट जाऊन सव्वासातला आली तर काय, हे पण आपणच ठरवायचं असतं. बहुतेक जण पहिल्या भागावर थांबतात आणि मग तिसऱ्या दिवशी मांडवात आरडाओरडा.

मी इथे रास्पबेरी पाय धरून सांगतोय कारण तो सगळीकडे मिळतो आणि मंडळात एखादा तरी इंजिनिअरिंगचा पोरगा असतोच ज्याच्याकडे तो धूळ खात पडलाय. पाय ४ असेल तर उत्तम, पाय ५ पण चालेल, पण पाय ५ ला हेडफोनचं गोल भोक नाहीये, म्हणजे स्पीकरवाल्याच्या मिक्सरला आवाज द्यायला एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढणारी डबी नाहीतर यूएसबी साउंड कार्ड घ्यावं लागतं, हे आधीच लक्षात ठेवा, ऐनवेळी लक्ष्मी रोडला पळायला नको. सिस्टीम म्हणून रास्पबेरी पाय ओएसची लाइट आवृत्ती टाका, ती डेस्कटॉप नसलेली. डेस्कटॉप असला की मध्येच 'अपडेट उपलब्ध आहे' अशी पट्टी बाप्पाच्या डोक्यावर येते. रास्पबेरी पायचाच इमेजर हा प्रोग्राम वापरून एसडी कार्ड बनवताना तिथेच एसएसएच, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पायला कमांड द्यायची सोय, चालू करा, युजरचं नाव-पासवर्ड द्या आणि टाइमझोन आशिया/कोलकाता निवडा. हा टाइमझोन राहिला तर पाय स्वतःला लंडनमध्ये समजतो, आणि गणपतीच्या दिवसांत लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे तुमचा सातचा देखावा रात्री साडेअकराला उडणार. नंतर बदलायचा झाला तर टाइमडेटसीटीएल कमांडने बदलता येतो, पण बदलल्यावर क्रॉन रीस्टार्ट करा नाहीतर पाय पूर्ण रीबूट करा, कारण चालू असलेला क्रॉन जुनाच टाइमझोन धरून बसतो.

आता प्लेअर. एमपीव्ही आणि त्याच्यापर्यंत निरोप पोचवणारा सोकॅट ही दोन पॅकेजं ॲप्टने, म्हणजे पायच्या इन्स्टॉल करायच्या कमांडने, टाकून घ्या. खूप जण काय करतात, क्रॉनमधून दर वेळी प्लेअरच नव्याने चालू करतात आणि व्हिडिओ संपला की तो बंद होतो. चालतं ते, पण दोन व्हिडिओंच्या मध्ये काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात लॉगिन प्रॉम्प्ट दिसतो, आणि तो नेमका महापौर दर्शनाला आले की दिसतो. त्यापेक्षा एमपीव्ही एकदाच चालू करायचा, तो दहा दिवस बंदच करायचा नाही, आणि क्रॉनने त्याला फक्त निरोप द्यायचे. त्यासाठी एमपीव्हीला चार गोष्टी सांगायच्या. आयडल चालू, म्हणजे फाइल संपली तरी तो मरणार नाही. फुलस्क्रीन. इमेज-डिस्प्ले-ड्युरेशन इन्फिनिट, म्हणजे फोटो दिला तर तो कायम पडद्यावर राहील, नाहीतर मुळात एमपीव्ही फोटो एकच सेकंद दाखवतो. आणि चौथी सगळ्यात कामाची, इनपुट-आयपीसी-सर्व्हर, ज्यात एका सॉकेटचा पाथ द्यायचा, उदाहरणार्थ टेम्प फोल्डरमधला. हा सॉकेट म्हणजे निरोप टाकायची पेटी. लाइट आवृत्तीत डेस्कटॉप नाही म्हणून व्हिडिओ आउटपुट डीआरएम, म्हणजे थेट स्क्रीनवर, ठेवा.

हे सगळं एका सिस्टीमडी सर्व्हिसमध्ये, म्हणजे पाय चालू झाला की प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या फाइलमध्ये, लिहा आणि तिथे रीस्टार्ट ऑलवेज टाका, म्हणजे एमपीव्ही कधी कोसळला तरी दोन सेकंदात परत उभा राहील. उभा राहताना त्याला सुरुवातीलाच मंडळाचा फोटो उघडायला द्या. रिकामा उठला तर पुढच्या वेळापत्रकापर्यंत काळी स्क्रीन. सर्व्हिस ज्या युजरच्या नावाने चालते त्याच युजरचं क्रॉनटॅब, म्हणजे क्रॉनच्या वेळांचं टेबल, वापरायचं, हे पण आत्ताच सांगतो. क्रॉनटॅब उघडताना पुढे सुडो लावला तर रूटचं, म्हणजे ॲडमिन युजरचं, वेगळंच टेबल उघडतं. दोन टेबलं, दोन वेगळी माणसं दोन ठिकाणी एडिट करतायत आणि एकमेकांना शिव्या घालतायत, हे होतंच होतं.

आता तीन छोट्या स्क्रिप्ट बनवा. पहिली 'देखावा'. ती सॉकेटमध्ये तीन ओळी टाकते: म्यूट नको, मग लोडफाइल देखाव्याचा व्हिडिओ रिप्लेस, मग लोडफाइल मंडळाचा फोटो अपेंड. इकोने ओळ लिहायची आणि पाइप करून सोकॅटला द्यायची, बास. रिप्लेस म्हणजे जे काही चालू असेल ते टाकून दे आणि हे लाव. अपेंड म्हणजे हे संपल्यावर ते. त्यामुळे देखावा संपला की आपोआप फोटो येतो आणि पुढच्या निरोपापर्यंत तसाच राहतो, 'संपलं की परत फोटो लाव' असा वेगळा टाइम लावायची गरजच पडत नाही. जाहिरातदारांनी वर्गणी दिलीय आणि त्यांची नावं फिरती पाहिजेत असं असेल तर फोटोच्या जागी जाहिरातींचा पंधरा-वीस मिनिटांचा व्हिडिओ द्या, दर पंधरा मिनिटांनी देखावा येऊन तो कापलाच जाणार आहे, तो संपायची वेळच येत नाही. फक्त मग ज्याचं नाव व्हिडिओच्या शेवटी आहे तो कधीच दिसणार नाही, त्याने पावती जास्तीची फाडली असेल तर क्रम बदला.

दुसरी स्क्रिप्ट 'आरती', ती आरतीचे शब्द असलेला व्हिडिओ लावते आणि त्यामागे परत फोटो. तिसरी 'शांत', ती म्यूट चालू करते आणि फक्त फोटो लावते.

तीनही स्क्रिप्टमध्ये सगळे पाथ पूर्ण लिहा, अगदी सुरुवातीच्या तिरक्या रेघेपासून. क्रॉन जेव्हा स्क्रिप्ट चालवतो तेव्हा त्याला तुम्ही टर्मिनलमध्ये कुठल्या फोल्डरमध्ये होतात, तुमची टर्मिनलची सेटिंग काय, हे ठाऊक नसतं. हाताने चालवली की चालते आणि क्रॉनमधून चालत नाही, अशी तक्रार असेल तर दहातल्या आठ वेळा कारण हेच. आणि प्रत्येक स्क्रिप्टच्या शेवटी तारीख-वेळ आणि स्क्रिप्टचं नाव एका लॉग फाइलमध्ये लिहायची ओळ टाका, नंतर फार उपयोगी पडते. ती ओळ स्क्रिप्टमध्येच टाका, क्रॉनटॅबमध्ये नको, कारण क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की क्रॉन तिथे ओळ तोडतो आणि डेट कमांडमध्ये ते चिन्ह असतंच.

आता मुख्य भाग, वेळापत्रक. क्रॉनच्या ओळीत आधी पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मग कमांड. चांदणी (*) म्हणजे 'कुठलंही', */१५ म्हणजे 'दर पंधरा'. तास चोवीसचे, वारात रविवार शून्य. खाली मी आकडे मराठीत लिहितोय पण टाइप करताना इंग्रजी आकडेच टाका, क्रॉनला आपले आकडे कळत नाहीत, आणि 'देखावा' वगैरे नावाच्या जागी त्या स्क्रिप्टचा पूर्ण पाथ द्या.

संध्याकाळी सात ते दहा, दर पंधरा मिनिटांनी, ही साधी ओळ अशी:

*/१५ १९-२१ * * * देखावा

इथे लोक १९-२२ लिहितात कारण डोक्यात 'दहापर्यंत' असतं. पण क्रॉनसाठी २२ म्हणजे दहा वाजल्यापासून दहा एकोणसाठपर्यंतचा पूर्ण तास, म्हणजे दहा, सव्वादहा, साडेदहा, पावणेअकरा असे चार देखावे आणखी होणार आणि चौकीतून फोन येणार. १९-२१ लिहिलं की शेवटचा देखावा पावणेदहाला सुरू होतो. तुमचा व्हिडिओ दहा मिनिटांचा असेल तर नऊ पंचावन्नला संपतो, दहाच्या आत. व्हिडिओ सतरा मिनिटांचा असेल तर? मग दर पंधरा मिनिटांनी लावायचा नाहीच, कारण रिप्लेसमुळे पंधराव्या मिनिटाला शेवट कापला जाऊन परत पहिल्यापासून सुरू होईल, आणि देखाव्याचा शेवट म्हणजेच राक्षसाचा वध कुणालाच दिसणार नाही. अंतर हे व्हिडिओच्या लांबीपेक्षा दोन-तीन मिनिटं तरी जास्त ठेवा, आतली गर्दी बाहेर जाऊन नवीन आत यायला पण वेळ लागतो.

आणि अंतर असं निवडा की त्याने ६० ला भाग जातो. १०, १२, १५, २०, ३०. कुणी दर २५ मिनिटांनी लावायला जातं, मिनिटाच्या रकान्यात */२५ टाकतं, आणि समजतं की सात, सात पंचवीस, सात पन्नास, सव्वाआठ असं होईल. तसं होत नाही. क्रॉन प्रत्येक तासाला शून्यापासून मोजतो. त्यामुळे सात, सात पंचवीस, सात पन्नास आणि मग थेट आठ. मधलं अंतर फक्त दहा मिनिटं. वीस मिनिटांचा व्हिडिओ मध्यातच कापला गेला आणि सगळे पायला दोष देत बसले. २५ च पाहिजे असेल तर प्रत्येक तासाची ओळ वेगळी लिहायची, त्याला इलाज नाही: १९ ला ०,२५,५० आणि २० ला १५,४० आणि २१ ला ५,३०. चिडचिड होते पण एकदाच लिहायचंय.

आता आरती. समजा रोज आठला आरती, वीस-पंचवीस मिनिटं चालते. क्रॉनला 'अमुक वेळ सोडून' असं सांगायची सोय नाही, सोडायचा तास आपणच कापून लिहायचा. म्हणजे वरची एक ओळ तीन होते:

*/१५ १९,२१ * * * देखावा
३०,४५ २० * * * देखावा
० २० * * * आरती

काही जण वरची ओळ तशीच ठेवून खाली आठची आरती जोडतात, म्हणे खालची ओळ वरच्यावर मात करेल. क्रॉनमध्ये असं वर-खाली काही नसतं. आठ वाजता दोन्ही ओळी लागतात, दोन्ही स्क्रिप्ट एकाच वेळी सुटतात, आणि जिचा निरोप सॉकेटमध्ये नंतर पोचेल ती जिंकते, म्हणजे एक दिवस आरती दिसेल, एक दिवस देखावा. असली चूक सापडायला सगळ्यात वाईट, कारण टेस्ट केली तेव्हा बरोबर चालली होती. म्हणून नियम एकच, कागदावर सात ते दहाचं टाइमटेबल काढा आणि एका मिनिटाला एकच ओळ लागतेय ना हे बोटाने तपासा.

तारखांचं पण सांगतो. मंडळ वर्षभर नाही, दहा दिवसच चालतं. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला बसले आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती, म्हणजे मधे महिना बदलला. क्रॉनला '२७ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर' असं एका ओळीत सांगता येत नाही. दोन ओळी लागतात, एकीत तारीख २७-३१ महिना ८, दुसरीत तारीख १-५ महिना ९. तारखेत २७-५ लिहिलं तर क्रॉन नाहीच म्हणतो, आणि एकाच ओळीत १-५,२७-३१ आणि ८,९ असं कोंबलं तर १ ते ५ ऑगस्टला पण लागणार आणि २७ ते ३० सप्टेंबरला पण, तेव्हा मांडव सुटून वीस दिवस झालेले असतील पण पाय कुणाच्या तरी घरी टीव्हीला लावलेला असेल आणि संध्याकाळी सातला मालिकेच्या जागी अफझलखान येईल.

यातलाच सगळ्यात फसवा प्रकार वाराचा. शनिवारी गर्दी जास्त म्हणून शनिवारी संध्याकाळी सहाचा एक जादा देखावा पाहिजे. सरळ मनात येतं की तारीख २७-३१, महिना ८, वार ६ लिहू, म्हणजे त्या तारखांमधला शनिवार. पण क्रॉनमध्ये तारीख आणि वार दोन्ही भरले की तो 'आणि' धरत नाही, 'किंवा' धरतो. म्हणजे २७ ते ३१ रोज लागेल आणि शिवाय ऑगस्टमधल्या प्रत्येक शनिवारी लागेल. तेव्हा वार विसरा, कॅलेंडर बघून तारीखच लिहा, त्या वर्षी तो शनिवार ३० ऑगस्टला होता, मग रकान्यात ३० आणि ८, विषय संपला. वाराचा रकाना शाळेच्या किंवा ऑफिसच्या स्क्रीनसाठी, सोमवार ते शुक्रवार १-५, तिथे तारखेला चांदणी असते म्हणून गोंधळ होत नाही.

आता दहा वाजताचं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि त्यातले गणपतीचे दिवस कोणते ते परवानगीच्या वेळी कळतं. त्या दिवसांच्या ओळी तारखेनिशी वेगळ्या लिहा, आणि त्या तारखांना खालची शांतची ओळ पण दहाऐवजी बारापासून लागेल अशी तोडा.

इथे एक गोष्ट बघा, जी कुठल्याही वेळापत्रकात लागू पडते पण फार कमी लोक तसा विचार करतात. देखावा लावणं आणि आवाज बंद ठेवणं ही दोन वेगळ्या जातीची कामं आहेत. देखावा ही घटना, सातला लावायचा, हुकला तर हुकला, सव्वासातचा येतोच आहे. आवाज बंद ही अवस्था, दहा ते सहा ती तशीच राहिली पाहिजे, मध्ये काहीही झालं तरी. म्हणून शांतची ओळ 'दहा वाजता एकदा' अशी लिहायची नाही. समजा नऊ सत्तावन्नला लाइट गेली आणि दहा दोनला आली, क्रॉनचा दहाचा ठोका हुकला, क्रॉन मागचं हुकलेलं काम उठल्यावर करत नाही, एमपीव्ही नव्याने उठला तो आवाज चालूच घेऊन, आणि कुणीतरी कार्यकर्त्याने हौसेने हाताने देखावा लावला, झालं. त्याऐवजी असं लिहा:

*/५ २२-२३,०-५ * * * शांत

दर पाच मिनिटांनी तो म्यूट करत राहतो, आधीच म्यूट असला तर काही बिघडत नाही, सुटला असेल तर पाच मिनिटांत परत गप्प. टीव्ही चालू-बंद करायचं पण याच जातीचं. उलट म्यूट काढायचं काम मात्र दर पाच मिनिटांनी करू नका, कारण नगरसेवकांचं भाषण सुरू असताना कुणी मुद्दाम आवाज बंद केलेला असतो आणि तुमचा पाय तो परत उघडतो. म्यूट काढणं देखाव्याच्या स्क्रिप्टमध्येच ठेवलंय ते यासाठी. आणि एक, हा म्यूट फक्त पायचा. स्पीकरवाल्याने मिक्सरवर मोबाइल लावला असेल तर त्याला क्रॉन काही करू शकत नाही.

टीव्ही असेल तर एचडीएमआय केबलमधूनच तो चालू-बंद करता येतो, त्याला सीईसी म्हणतात, पायवर सीईसी-युटिल्स पॅकेज टाकलं की सीईसी-क्लायंटला 'ऑन ०' किंवा 'स्टँडबाय ०' असं सांगायचं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये पण सीईसी चालू पाहिजे, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. आणि टीव्हीतलं 'चार तास रिमोट वापरला नाही तर बंद' हे सेटिंग शोधून काढून टाका. प्रोजेक्टरचा भरवसा नाही, बऱ्याच प्रोजेक्टरना सीईसी कळत नाही, तो हातानेच. एलईडी वॉलचा कंट्रोलर तो वॉलवालाच सांभाळतो, त्याला फक्त १०८०पी सिग्नल सतत द्या. पाय आधी चालू होऊन टीव्ही नंतर चालू झाला तर कधीकधी पाय समजतो की स्क्रीनच नाही, त्यासाठी बूट फोल्डरमधल्या सीएमडीलाइन फाइलमध्ये एचडीएमआय-ए-१ साठी १९२०x१०८० ठरवून शेवटी कॅपिटल डी लावायचा, मग स्क्रीन असो नसो तो सिग्नल देतो. ती फाइल एकाच ओळीची असते, एंटर मारू नका.

आता घड्याळ. हे मी शेवटी लिहितोय पण करायचं सगळ्यात आधी, कारण वरचं सगळं अगदी बरोबर लिहिलं आणि पायला वेळच चुकीची ठाऊक असेल तर काय उपयोग. पाय ४ मध्ये बॅटरीचं घड्याळ नाही. इंटरनेट असलं की तो वेळ तिथून घेतो. नसलं की शेवटची नोंदलेली वेळ धरून तिथून पुढे मोजायला लागतो. मांडवात इंटरनेट नसतं, आणि जनरेटर बदलताना लाइट जाते. समजा सहा चाळीसला गेली आणि सात पाचला आली, तर पाय उठताना समजतो की अजून सहा चाळीसच झालेत, आणि तिथून पुढे सगळं पंचवीस मिनिटं उशिरा, अगदी दहाचा म्यूटसुद्धा दहा पंचवीसला.

स्वस्त उपाय म्हणजे एका कार्यकर्त्याच्या मोबाइलचा हॉटस्पॉट पायला कायमचा शिकवून ठेवायचा, आणि लाइट आली की दोन मिनिटं हॉटस्पॉट चालू करायचा. टाइमडेटसीटीएल नुसतं टाइप केलं की 'सिस्टीम क्लॉक सिंक्रोनाइज्ड' समोर यस आलंय का ते दिसतं. यात एक गंमत आहे, पाय चालू असताना घड्याळ असं एकदम पुढे उडालं आणि उडी तीन तासांच्या आतली असली तर मधल्या हुकलेल्या ओळी क्रॉन उशिरा का होईना लगेच चालवतो, पण फक्त त्या, ज्यात मिनिट आणि तास दोन्ही आकड्यात ठरलेले आहेत. */१५ अशी चांदणीची ओळ तो चालवत नाही. म्हणून देखाव्याला चांदणीची ओळ बरी. आठला आरतीची ओळ मात्र सव्वाआठला उडू शकते, आरती संपत आल्यावर शब्द यायला लागतात, जगबुडी नाही.

चांगला उपाय म्हणजे डीएस३२३१ नावाचं घड्याळाचं मॉड्युल, दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळतं, वर्षाला साधारण मिनिटभर चुकलं तर चुकलं. पायच्या पिन १ ला व्हीसीसी, ३ ला एसडीए, ५ ला एससीएल, ६ किंवा ९ ला ग्राउंड. बूट फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये आय२सी-आरटीसी ओव्हरले डीएस३२३१ च्या नावाने टाकायचा, रीबूट, एकदा इंटरनेटवरून बरोबर वेळ घेऊन ती घड्याळात लिहून ठेवायची. बॅटरीकडे लक्ष द्या, बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच निळ्या मॉड्युलवर चार्जिंगचं सर्किट असतं, त्यात साधी सीआर२०३२ घातली की ती चार्ज व्हायला बघते आणि फुगू शकते. एकतर चार्ज होणारी एलआयआर२०३२ घाला नाहीतर सोल्डरिंग येणाऱ्या माणसाकडून तो चार्जिंगचा डायोड काढून घ्या. पाय ५ वाल्यांना घड्याळ बोर्डवरच आहे, फक्त त्याची छोटी बॅटरी वेगळी विकत घेऊन लावावी लागते, ती न लावता 'माझ्याकडे पाय ५ आहे' म्हणून निवांत बसू नका.

लाइट धाडकन गेल्याने एसडी कार्ड खराब होतं म्हणून रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंग मेनूत ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करतात, कल्पना चांगली आहे, त्याने कार्डावर काहीच लिहिलं जात नाही. पण मग काहीच म्हणजे काहीच लिहिलं जात नाही. तुम्ही क्रॉनटॅबमध्ये केलेला बदल पण रीबूटला पुसला जातो आणि लॉग पण. आणि घड्याळाचं मॉड्युल नसेल तर शेवटची नोंदलेली वेळ म्हणजे ओव्हरले चालू केला त्या दिवसाची. पाय दर वेळी गणेश चतुर्थीच्या आठ दिवस आधी उठतो, तारखेच्या ओळी जुळतच नाहीत, एकही देखावा लागत नाही आणि क्रॉनटॅब उघडून बघावं तर सगळं बरोबर दिसतं. ओव्हरले पाहिजे तर घड्याळ पाहिजेच, हे जोडीने घ्या.

टेस्ट करताना सात वाजायची वाट बघत बसू नका. एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून वेळ घेणं, बंद करा, टाइमडेटसीटीएलने वेळ हाताने १८:५८ करा आणि बघा. मग १९:५८, मग २१:४४, मग २१:५९. मग तारीख बदलून ३१ ऑगस्टची २१:४४ आणि १ सप्टेंबरची १८:५८. या सहा वेळा पास झाल्या की बाकी मधलं चालतंच. एक टेस्ट सुरू असताना प्लग खेचून पाच मिनिटांनी परत लावून बघा, हीच खरी परीक्षा. झालं की एनटीपी परत चालू करायला विसरू नका. काही लागलं नाही तर जर्नलसीटीएल कमांडने क्रॉन युनिटचा लॉग बघा, तिथे त्या मिनिटाला सीएमडी अशी ओळ असेल तर क्रॉनने आपलं काम केलंय, भानगड स्क्रिप्टमध्ये नाहीतर एमपीव्हीत. ओळच नसेल तर भानगड वेळेत नाहीतर रकान्यात. आणि क्रॉनटॅबच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलेला पाहिजे.

व्हिडिओबद्दल थोडकंच. १०८०पी, २५ किंवा ३० फ्रेम, एच डॉट २६४ मागून घ्या, ४के चा हट्ट मांडवात कुणी करू नये. ज्याने एडिट केलाय त्याला सांगा की पेनड्राइव्हवर दे, व्हॉट्सॲपवर नको, पाठवलाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. शेवटी दोन-तीन सेकंद काळं ठेवायला सांगा म्हणजे फोटो येताना धक्का बसत नाही. फाइलच्या नावात स्पेस नको आणि 'फायनल फायनल नवीन' असलं नाव नको. स्क्रिप्टमध्ये एकच ठरलेलं नाव ठेवा आणि नवीन फाइल आली की त्याच नावाने जुनीवर टाका, वेळापत्रकाला हात लावावा लागत नाही.

परदेशातली मराठी मंडळं हे वाचत असतील तर एकच जादाचं, तुमच्याकडे उन्हाळा-हिवाळ्यात घड्याळ पुढे-मागे होत असेल, पण ते सहसा होतं मध्यरात्रीनंतर, संध्याकाळच्या ओळींना काही होत नाही, फक्त टाइमझोनमध्ये शहराचं नाव द्या, नुसता फरकाचा आकडा देऊ नका.

विसर्जन झालं की ओळी पुसू नका, प्रत्येकीच्या आधी हॅश लावून ठेवा आणि क्रॉनटॅब -एल चं आउटपुट एका फाइलमध्ये घेऊन मंडळाच्या ग्रुपवर टाका. २०२६ ला गणपती १४ सप्टेंबरला बसतायत आणि अनंत चतुर्दशी २५ ला, सगळं एकाच महिन्यात, त्यामुळे दोन-दोन ओळींची कटकट नाही, तारीख १४-२४, महिना ९.